वाचकांचे प्रश्न : उमराला निघालात? मग आधी हे वाचा

प्रश्न : सलाम. मी आणि मिस्टर पुढच्या महिन्यात उमराला (मक्केच्या यात्रेला) चाललोय, मुंबईहून थेट जेद्दाह. टूरवाल्यांनी दिलेल्या पुस्तकात तवाफमधल्या, म्हणजे मक्केतल्या काबाभोवतीच्या सात फेऱ्यांमधल्या, प्रत्येक फेरीची वेगळी दुआ आहे, मला काही पाठ होत नाही. जाऊबाई म्हणतात एहराम (यात्रेच्या नियमांत शिरणं, पुरुषांना दोन चादरी) जेद्दाहला उतरून बांधला तरी चालतो. आणि आम्ही शाफई (सुन्नींमधला एक पंथ), गर्दीत कुणाचाही हात लागला की वुजू (हातपाय-तोंड धुऊन येणारी शुद्धता) गेला, मग सात फेऱ्या व्हायच्या कशा?
— एक भगिनी, खेड, जि. रत्नागिरी

उत्तर : वालेकुम सलाम ताई. आधी जाऊबाईंचं बघू, कारण खरी गडबड तिथेच होते. जेद्दाहला उतरून चालत नाही. मक्केच्या चारी बाजूंना मीकात म्हणून हद्दी ठरलेल्या आहेत, उमराला जाणाऱ्याने त्या ओलांडायच्या आधी नियत (मनात संकल्प) करून एहराममध्ये असायला हवं, आणि बहुतेक उलेमांच्या (धर्मपंडितांच्या) मते जेद्दाह या हद्दीच्या आत येतं. 1995 पर्यंत मुंबईहून हजची जहाजं सुटायची तेव्हा यलमलमची मीकात यायच्या आधी आंघोळी करून कपडे बदलायला निवांत वेळ मिळायचा, विमानात मीकातची हद्द पायाखालून कधी गेली कळतही नाही. म्हणून मिस्टरांना दोन चादरी घरी नाहीतर मुंबई एअरपोर्टलाच नेसायला सांगा, आणि विमानात मीकात जवळ आल्याची घोषणा झाली की लगेच नियत करून लब्बैक (यात्रेकरूंचा घोष) सुरू करा. झोप लागायची भीती असेल तर थोडी आधी केली तरी हरकत नाही. चुकून तसेच पुढे गेलात तर परत मीकातवर जा, नाहीतर दम (चुकीची भरपाई) म्हणून बकरा द्या, एवढी भानगड कशाला हवी. (आधी मदिनेला जाणार असाल तर मात्र मुंबईहून एहराम नको, मदिनेहून मक्केला निघताना झुलहुलैफाला बांधायचा, लोक त्याला बीर अली म्हणतात.)

तुमच्यासाठी वेगळे कपडे नाहीत, नेहमीचे अंग झाकणारे सैल कपडे चालतात, फक्त चेहऱ्यावर नकाब नको आणि हातमोजे नकोत. दुकानात लेडीज एहराम म्हणून डोक्याला बांधायचा पांढरा रुमाल मिळतो ना, तो केस आवरायला ठीक आहे, पण काही बायका त्यालाच एहराम समजतात आणि वुजू करताना रुमालावरूनच मसह करतात (ओला हात फिरवतात), तो वुजू होत नाही. नियतनंतर अत्तर, वासाचा साबण, नखं कापणं, केस तोडणं सगळं बंद. मिस्टरांना त्याशिवाय शिवलेले कपडे आणि टोपी बंद.

आता वुजू. आपल्या कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक घरात निघायच्या आधी हा विषय होतोच. शाफई मसलकमध्ये परक्या बाईपुरुषाच्या कातडीला कातडी लागली की वुजू तुटतो, आणि नवराबायकोचंही तसंच आहे बरं का, म्हणजे गर्दीत हरवू नये म्हणून मिस्टरांनी तुमचा उघडा हात धरला की दोघांचा वुजू गेला. बाहीवरून धरा, कापड मध्ये असलं की काही होत नाही. बाकी लोकांच्या धक्क्यांवर इलाज नाही, म्हणून आपल्याकडचे मौलानासुद्धा तवाफपुरतं हनफी (सुन्नींमधला दुसरा पंथ) मतावर अमल करायला सांगतात, त्यात नुसत्या स्पर्शाने वुजू तुटत नाही. पण मग वुजूही त्यांच्यात चालेल असाच करावा लागतो. आपल्यात डोक्याच्या थोड्याशा भागावर ओला हात फिरवला तरी मसह होतो, त्यांच्यात निदान पाव डोकं लागतं, तर तुम्ही सरळ पूर्ण डोक्याचा करा. निघायच्या आधी मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांकडून हे एकदा समजून घ्या आणि तिथे गेल्यावर पुन्हा पुन्हा शंका काढत बसू नका.

आणि ते पुस्तक बॅगेतच राहू द्या. फेरीनिहाय दुआ ना फर्ज, ना वाजिब, म्हणजे सक्तीच्या नाहीत. रुक्ने यमानी (काबाचा एक कोपरा) ते हजरे अस्वद (काबातला काळा दगड) या टप्प्यात "रब्बना आतिना" म्हणायची सुन्नत (पैगंबरांची रीत) आहे, ती तर तुम्हाला येत असणारच, बाकी वेळ मनात येईल ते मागा, कोकणीत मागा, मराठीत मागा. फेरी हजरे अस्वदच्या रेषेपासून सुरू, काबा डाव्या हाताला, तिथे हिरवा दिवा असतो खुणेला. अर्धगोल भिंतीचा हतीम आहे त्याच्या बाहेरूनच फिरायचं, आतून शॉर्टकट मारला तर ती फेरी धरत नाहीत. सहावी की सातवी असं झालं तर कमी आकडा धरायचा. हजरे अस्वदला ओठ लावायला लोक अक्षरशः एकमेकांना चेंगरतात, माझ्या मते तर हे बघवत नाही, चुंबन सुन्नत आहे आणि माणसाला इजा करणं हराम, लांबून हात उचलून इशारा केला की झालं. मग दोन रकात नमाज, काबाजवळच्या मकामे इब्राहीमच्या मागे जागा नसेल तर हरममध्ये (मक्केच्या मशिदीत) कुठेही, मग झमझमचं पाणी पिऊन सई, म्हणजे सफा आणि मरवा या टेकड्यांमधल्या सात फेऱ्या.

तुम्ही विचारलं नाही पण सांगते : पाळी आली तरी मीकातवर नियत करायचीच, फक्त तवाफ थांबवायचा, पाक झाल्यावर आंघोळ करून पुढचं सगळं करायचं. म्हणून मक्केतले दिवस ठरवताना टूरवाल्याशी लाजू नका.

प्रश्न : अब्बांना 74 वर्षं झालीत, गुडघे गेलेत. सफाहून मरवा आणि परत सफा ही एक फेरी का? मग तर ते 14 वेळा होईल.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही भाई, जाणं एक, येणं दुसरी. सफाला सुरू, सातवी मरवावर संपते, तुम्ही सफावर संपलात तर मोजणीत गडबड झाली समजा. एक फेरी साधारण 450 मीटरची, म्हणजे सगळं मिळून तीन किलोमीटरच्या वर, तेही तवाफनंतर, तेव्हा अब्बांना खुशाल व्हीलचेअरवर न्या, वरच्या मजल्यावर पैसे देऊन इलेक्ट्रिक गाड्याही मिळतात. हिरव्या दिव्यांच्या मधल्या पट्ट्यात पुरुषांनी जरा पळायचं असतं, बीबी हाजरा तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधत धावल्या होत्या त्याची ती आठवण, पण म्हाताऱ्या माणसाला ते माफ आहे. सईला वुजू असला तर उत्तम, नसला तरी सई होते. शेवटी केस. बाहेर दोन मुलं कात्री घेऊन उभी असतात, चार केस कापून घेतात आणि लोक मोकळे होतात, तसं करू नका. शाफईंना निदान तीन केस पुरतात, तुम्ही हनफी असाल तर पाव डोक्याचे तरी हवेत, आणि पुरुषांनी पूर्ण मुंडण केलेलं सगळ्यात चांगलं. बायकांनी बोटाच्या पेराएवढे टोकाचे केस कापायचे. तिथे एहराम सुटला.

प्रश्न : आमचे शेजारी उमरा करून आले. आता त्यांना हाजीसाहेब म्हणायचं का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नको. उमरा वर्षभरात जवळपास कधीही होतो आणि काही तासांत आटपतो. हज झिलहिज्ज महिन्याच्या ठरलेल्या दिवसांतच, त्यात मिना, अरफात, मुजदलिफा ही ठिकाणं येतात. रमजानमधल्या उमराला हजचा सवाब (पुण्य) आहे असं हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांत) आहे, तरी त्याने हजचा फर्ज उतरत नाही. शेजारी तुम्हाला खजूर आणि झमझम देतील ते मात्र घ्या.

प्रश्न : वडील वारले, त्यांचा उमरा राहिला होता. मी एकाच ट्रिपमध्ये माझा आणि त्यांचा दोन्ही करू शकतो का?
— एक वाचक, महाड (सध्या कुवेत)

उत्तर : हो. आधी तुमचा पूर्ण करा, केस कापून एहराममधून बाहेर या. मग टॅक्सीने तनईमला मस्जिदे आयशाला जायचं, हरमच्या (मक्केभोवतीच्या पवित्र क्षेत्राच्या) हद्दीबाहेरची सगळ्यात जवळची जागा तीच, तिथे वडिलांच्या नावाने नियत करून परत यायचं आणि तवाफ, सई, केस सगळं पुन्हा. आदल्याच दिवशी मुंडण केलं असेल आणि डोक्यावर केस नसतील तर नुसता वस्तरा फिरवायचा.