गोरोकाला जाताय? मग वाटाड्या कुठला ते आधी विचारा

प्रश्न : ताई, मी बँकेतून निवृत्त झालो, सौ. शाळेतून. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात, गोरोका इथं सप्टेंबरमध्ये आदिवासी नाचांचा मोठा मेळावा भरतो, त्याच्या सहलीचं माहितीपत्रक हाती आलं आणि दोघांच्याही मनात भरलं. मुलगा म्हणतो, एवढ्या पैशात युरोप दोनदा होईल. शिवाय पर्यटकांसाठी नटवून उभी केलेली माणसं बघायला जाणं बरं दिसत नाही. आम्ही दोघंही शाकाहारी. जावं का?
— एक वाचक, त्रिमूर्ती नगर, नागपूर

उत्तर : पैशाचं मुलगा खरं बोलतोय. त्या देशाची राजधानी पोर्ट मोर्स्बी किनाऱ्यावर आहे आणि तिथून डोंगराकडे जाणारा रस्ताच नाही. म्हणजे नागपूर-मुंबई-सिंगापूर-पोर्ट मोर्स्बी झालं, की पुन्हा एक विमान. ते ढग उतरले की रद्द होतं. ज्या कार्यक्रमात मध्ये एकही दिवस मोकळा ठेवलेला नाही, तो करणाऱ्यानं तो भाग पाहिलेला नाही असं खुशाल समजा.

नटवून उभी केलेली माणसं, हे मात्र मला पटत नाही. गोरोकाचा मेळावा 1957 मध्ये ऑस्ट्रेलियन अधिकाऱ्यांनी सुरू केला. तेव्हा कारभार त्यांचा होता, देश स्वतंत्र झाला 1975 मध्ये. मेळावा सुरू होण्याच्या जेमतेम पाव शतक आधी, 1930 च्या सुमारास, सोनं शोधत वर चढलेल्या गोऱ्यांना कळलं होतं, की ज्या डोंगरांत कुणीच राहत नसेल असं ते धरून चालले होते, तिथल्या खोऱ्यांत सुमारे दहा लाख माणसं शेती करून राहतात. तेव्हा मेळावा मुळात सरकारी, हे खरं. पण आज मैदानात उतरणारे गट एकमेकांसाठी सजतात. शेजारच्या खोऱ्यातल्यांपेक्षा आपला मुकुट उंच, आपला रंग उजळ, ही चुरस डोळ्यांत दिसते. आपल्या नागपुरात पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघते तेव्हा गच्चीवरून कुणी परदेशी फोटो काढत असतो. त्याच्यासाठी निघते का हो ती?

सकाळी लवकर मैदानाबाहेर पोचा. गट तिथं गवतावर बसून एकमेकांचे चेहरे रंगवत असतात, छोटा आरसा हातोहात फिरतो, एखादी आजी पोराच्या पाठीला तेल चोळता चोळता त्याला झापत असते. मला आतल्या नाचापेक्षा हे जास्त आवडतं. आत दुपारपर्यंत ऊन, धूळ आणि कॅमेऱ्यांची कोंडी.

आता मूळ मुद्दा. तुम्ही हॉटेल, विमान, जेवण सगळं विचारलं असेल. वाटाड्या कुठल्या गावचा, हे विचारलंत का? त्या देशातली जवळजवळ 97 टक्के जमीन सरकारची नाही, कुळांची आहे. धबधबा कुणाचा तरी, गुहा कुणाची तरी, ज्या पायवाटेवरून चालाल तीही कुणाची तरी. आठशेहून जास्त भाषा आहेत. टोक पिसिन ही समाईक बोली सगळीकडे चालते, म्हणून माउंट हेगन या दुसऱ्या डोंगरी शहराचा मुलगा गोरोकाजवळच्या आसारो खोऱ्यात बोलून घेईल. पण तिथं तो तुमच्याइतकाच पाहुणा. कुणाच्या दारात आधी जायचं, हे त्याला ठाऊक नसतं.

आसारोत आमची गाडी एका ओढ्याशी थांबली होती. वाटाड्या एकटाच वरच्या घराकडे गेला आणि अंगणात बसून राहिला. ना हातवारे, ना घाई. आमच्यातले एक गृहस्थ घड्याळ बघत, ‘हा काय गप्पा मारायला आणलाय का?’ म्हणून कुरकुरू लागले. बऱ्याच वेळानं तो एका म्हाताऱ्यासोबत खाली आला. म्हाताऱ्यानं स्वतः रताळ्याच्या वाफ्यांमधून आम्हाला पलीकडे नेलं, मातीचे जड मुखवटे घालणाऱ्या मंडळींकडे. आसारोचे हे चिखलवाले या मेळाव्यामुळेच जगभर माहीत झाले. पैसे दिले ते म्हाताऱ्याच्या हातात, सगळ्यांसमोर. त्या अंगणातल्या बसण्यासाठीच वाटाड्याला पैसे मोजायचे असतात. माहिती काय, पुस्तकातही मिळते.

तेव्हा सहलवाल्यांना फोन करा आणि विचारा : प्रत्येक खोऱ्यात माणूस बदलता की एकच सगळीकडे फिरवता? गावाला किती देता, आणि कुणाच्या हातात? उत्तर अडखळलं तर दुसरा बघा.

सुरक्षिततेचं लपवत नाही. डोंगराळ प्रांतांत कुळाकुळांच्या लढाया आजही होतात, आणि हल्ली त्यात बंदुका आल्यात. फेब्रुवारी 2024 मध्ये एंगा प्रांतात अशाच लढाईत डझनावारी माणसं मेली. गोरोका वेगळ्या प्रांतात आहे, पण निघण्याच्या आठवड्यात परिस्थिती विचारा, अंधार पडल्यावर रस्त्यावर राहू नका, आणि वाटाड्या ‘आज नको’ म्हणाला तर वाद घालू नका. आपल्या लोकांना हे जड जातं. ‘पैसे भरलेत ना आम्ही!’

जेवणाची काळजी तुम्हाला वाटते तेवढी नाही. रताळं हेच तिथलं मुख्य अन्न, ‘काउकाउ’ म्हणतात. जोडीला पालेभाज्या, अळकुड्या, केळी, अननस, भातही मिळतो. अडचण येते ती मुमूची : खड्ड्यात तापलेले दगड, त्यावर केळीची पानं, आणि आत डुक्कर, रताळी, भाजी सगळं एकत्र. तुमची रताळी वेगळी भाजायला आदल्या दिवशीच सांगायला लावा. पानं उघडल्यावर नाक मुरडलंत तर यजमानाचा अपमान होतो. चिवडा-मेतकूट नेणार असाल तर सीलबंद न्या आणि उतरल्यावर कस्टमच्या कागदावर लिहा.

गोरोका सुमारे 1,600 मीटरवर आहे, त्यामुळे रात्री स्वेटर लागतो. नागपूरच्या सप्टेंबरमधून निघताना हे डोक्यात येत नाही. मलेरिया वर कमी, किनाऱ्यावर भरपूर. पोर्ट मोर्स्बीत एक रात्र जरी काढणार असलात तरी गोळ्यांचं डॉक्टरांशी आधी बोला.

गुडघे आणि रक्तदाब ठीक असतील तर जा. युरोप नंतरही होईल.

प्रश्न : मला शेतीच्या इतिहासात रस आहे. माउंट हेगनजवळचं कुक हे उत्खननाचं ठिकाण बघण्यासारखं आहे का?
— वर्धा

उत्तर : बघण्यासारखं असं तिथं फारसं नाही, आधीच सांगते. उत्खननातले प्राचीन चर पुन्हा बुजवलेत. वर गवत, दलदल आणि लोकांच्या बागा. पण सात हजार वर्षांपूर्वी इथल्या माणसांनी, बाहेरून कुणी शिकवायला न येता, दलदलीत मातीचे उंचवटे करून लागवड केली, आणि पुढे चर खणून पाणीही काढलं. 2008 मध्ये जागतिक वारसा यादीत नाव लागलं ते त्यासाठी. जाणकार सोबत असेल तर जा, नाहीतर तो वेळ बाजारात घालवा.

प्रश्न : तिथून आणायचं काय? आणि भाव करायचा का?
— धरमपेठ, नागपूर

उत्तर : बिलुम आणा. बायका दोऱ्यानं गुंफतात ती जाळीची पिशवी. तिथं ती कपाळावरून पाठीवर सोडतात, पोरही त्यातच झोपतं. भाजीबाजारात भाव करू नका, तशी रीत नाही. मोठ्या वस्तूला ‘सेकंड प्राइस?’, म्हणजे काही कमी होईल का, असं एकदा हळूच विचारता येतं. नाही म्हणाले की विषय संपला. सीताबर्डीवर घासाघीस करून वाढलेल्यांनी जीभ जरा आवरावी. मुकुटातली पिसं मात्र कितीही मोह झाला तरी घेऊ नका. बर्ड ऑफ पॅराडाइज तिथं संरक्षित पक्षी आहे. पिसं विमानतळावर जप्त होतात आणि वर चौकशी मागे लागते ती वेगळीच.