सातवीतल्या मुलाला घनता घरी कशी शिकवावी? विज्ञानाचं किट घ्यावं का?

किट घेऊ नका. त्यातल्या रंगीत ठोकळ्यांनी मुलांना ठोकळे कळतात, घनता कळत नाही.

तुम्ही लिहिलंय की मुलाला 'घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान' पाठ आहे, गणितंही सुटतात, पण दगड आणि लाकूड यापुढे उदाहरण सुचत नाही. सुचेल कसं? पाण्याची घनता १, असं लिहून घेतलं की वर्गात विषय संपतो. किती तापमानाला, हे कुणी विचारत नाही. तेवढं न विचारल्यामुळे आमच्या आप्पांवर गावात दुधात पाणी घालणारा असा शिक्का बसला होता, म्हणून लिहायला बसलो.

पारोळा तालुक्यातलं आमचं गाव. घरी दोन म्हशी. डेअरी गोठ्यापासून चाळीस पावलांवर, त्यामुळे धार काढली की फेस बसायच्या आत दूध मापाला. डेअरीवाला उभट भांड्यात दूध ओतायचा, लॅक्टोमीटर, म्हणजे दुधाची घनता दाखवणारी तरंगती काचेची नळी, सोडायचा आणि मोठ्यानं डिग्री बोलायचा. बाकीच्यांची २९, ३०. आमची २७. रोज २७. आप्पांचं वाक्य ठरलेलं, "दूधमा पानी टाकेल नही, भाऊ." तो मान वर न करता वहीत आकडा टाकायचा आणि लिटरमागे पैसे कापायचा.

रांगेतले हसायचे, ते एकवेळ चाललं असतं. पण नाना, माझे सख्खे काका, तीन किलोमीटरवरच्या मळ्यातून सायकलला कॅन लावून दूध आणायचे आणि त्यांना ३० लागायची. दिवाळीनंतरच्या एका सकाळी ते चारचौघांत बोलले, "म्हशी सारख्या, वैरण सारखी. फरक कुठं पडतो ते ज्याचं त्याला ठाऊक." आप्पा काही बोलले नाहीत. घरी येऊन जेवलेही नाहीत.

मी तेव्हा सातवीत. सायन्सच्या सरांनी दोऱ्याला बांधलेला दगड मोजपात्रात सोडून पाणी किती चढलं ते दाखवलं, तेवढ्यात मी उठून विचारलं, "सर, दुधाची डिग्री म्हणजे काय?" वर्ग हसला, सर हसले नाहीत. डिग्री ३० म्हणजे घनता १.०३०, म्हणजे लिटरभर दूध १०३० ग्रॅम. दूध पाण्याहून जेमतेम तीन टक्के जड, आणि माणसाची अब्रू त्या तीन टक्क्यांत. उद्या लोटाभर दूध आण, म्हणाले.

आमची प्रयोगशाळा म्हणजे काचेचं एक कपाट. सरांनी दुधाचे दोन भाग केले. एक भांडं माठाच्या पाण्यात ठेवलं, दुसरं गरम पाण्यात. दोन्हीत थर्मामीटर. २४ अंशांच्या दुधात लॅक्टोमीटर ३० वर थांबला, ३८ अंशांच्या त्याच दुधात २७ वर. मी तीनदा वाकून पाहिलं. वाचायचं कुठं, यावरही सरांनी अडवलं. पाण्यात पृष्ठभागाच्या वक्राचा तळ वाचतात, दुधात तो दिसतच नाही, तिथं वरची कड वाचायची.

आपल्याकडचे बरेच लॅक्टोमीटर २७ अंशांसाठी जुळवलेले असतात. दूध त्याहून गरम असेल तर दर अंशाला साधारण ०.२ मिळवायचे, गार असेल तर वजा करायचे. आमचं दूध म्हशीच्या अंगाइतकं गरम जायचं, दोन डिग्री तिथंच बुडाल्या. शिवाय ताज्या दुधात हवा अडकलेली असते. नानांचं दूध थंडीत तीन किलोमीटर वारा खात यायचं, त्यांना उलट थोडं बक्षीसच. आणि दोन डिग्री म्हणजे डेअरीच्या नजरेत दहा लिटरला पाऊण लिटरच्या आसपास पाणी!

वही घेऊन डेअरीवर गेलो. "शाळेतलं शाळेत ठेव," एवढंच उत्तर मिळालं. नानांनी तर वही बघितलीच नाही, आजही विषय निघाला की पानाला चुना लावत बसतात.

तर तुमच्या मुलासाठी. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा, बिनसुईची सिरिंज आणि वही पुरे. रिकामं भांडं ठेवून काटा शून्यावर आणायचा, मग १०० मिलि पाणी, तेल, दूध एकेक करून मोजायचं. मग तेलाची पिशवी वाचायला लावा. १ लिटरपुढे बहुतेक ९१० ग्रॅम लिहिलेलं असतं. ते का, हे त्यालाच सांगू दे. काही कंपन्या तर ६० अंशांवरचा लिटर छापत होत्या. फुगलेल्या तेलाचा लिटर लवकर भरतो, खोलीच्या तापमानाच्या मानाने पंचवीसेक ग्रॅम कमी तेलात. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं त्यांना सांगितलं, तापमान छापू नका, मापासोबत वजन लिहा. वस्तुमान तापमानानं हलत नाही, आकारमान हलतं. माझ्या मते सातवीला एवढं कळलं तरी खूप झालं.

तापमानाचा हा फरक पाण्यावर बघायला जाल तर निराश व्हाल. घनता १ ही ४ अंशांवरची, आणि भुसावळच्या मे महिन्यात ४ अंश फक्त फ्रीजमध्ये. ४० अंशांना ती ०.९९२ होते, म्हणजे १०० मिलिमागे ग्रॅमभरही फरक नाही, घरच्या काट्याला तो कळणार नाही. दुधाचंही तसंच, म्हणून यासाठी तेलच घ्या. आणि वहीत प्रत्येक मापाशेजारी तापमानाचा रकाना ठेवाच. शिक्षक म्हणाले 'गरज नाही', तरी ठेवा.

एक राहिलं. नुसत्या डिग्रीवरून कुणाला चोर ठरवता येत नाही, तसं सावही ठरवता येत नाही. मलई काढली की डिग्री वाढते, मग पाणी घालून ती जागेवर आणता येते. हे नानांना लागू, तसं आम्हालाही. परवा मायला हे सगळं सांगत होतो, तर ती म्हणाली, पहाटे कॅन धुऊन पालथा घालायला वेळ कुठं असायचा, तळाशी पाणी राहायचंच. किती, विचारलं. "व्हई अर्धा पेला."

सात लिटरमागे अर्धा पेला, म्हणजे ०.४ डिग्री. सरांकडे नेलेलं दूध थेट लोट्यात काढलेलं होतं, कॅनमधलं नव्हतं. नानांना हे अजून सांगितलेलं नाही.