आई २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनानं गेली, शेवटचं दर्शनही झालं नाही. ती गेली हे अजून पटत नाही. काय करू?

तुम्ही असंही लिहिलंय, की अजून फोन वाजला की आईचाच वाटतो, आणि तुमच्या सोसायटीत अशी आणखी चार घरं आहेत, त्यांच्यासाठी काही करावंसं वाटतं. मी तज्ज्ञ नाही. माझे बाबा त्याच महिन्यात गेले, म्हणून लिहितेय.

आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो. हॉस्पिटलच्या दारातून बाबांना व्हीलचेअरवर आत नेलं, त्यांनी मागे न बघताच हात हलवला. तेच शेवटचं. चार दिवसांनी भावाला फोन आला. मी स्वतः पॉझिटिव्ह, घरातच खोलीत बंद. भावानं वैकुंठ स्मशानभूमीतून व्हिडिओ कॉल लावला, त्यात मला एक गुंडाळलेली पिशवी आणि पीपीई किट घातलेली माणसं दिसली. त्या पिशवीत बाबाच होते, हे मला कितीतरी महिने स्वतःला पटवावं लागत होतं. त्यामुळे फोन वाजला की आई वाटते, यात तुमचं डोकं बिघडलेलं नाही. डोळ्यांनी पाहिलंच नाही, तर मन मानणार कसं?

आपल्याकडे माणूस गेलं की दाराशी चपलांचा ढीग पडतो. शेजारून पिठलं-भात येतो, कारण त्या घरात चूल पेटत नाही. आणि येणारा प्रत्येक जण विचारतो, "कसं झालं हो?" घरातली माणसं तीच हकीकत पन्नास वेळा सांगतात. आजी गेली तेव्हा मला या प्रश्नाची चीड यायची. जखमेवर पुन्हा पुन्हा बोट कशाला ठेवायचं, असं वाटायचं. आता कळतं, की त्या सांगण्यातच औषध होतं. पहिल्यांदा सांगताना शब्द फुटत नाही, दहाव्यांदा रडत का होईना पुरं सांगता येतं, तेराव्यापर्यंत ती हकीकत आपल्याला पेलायला लागते. २०२१ मध्ये नेमकं हेच झालं नाही. बाबांच्या दहाव्याला पुण्यातल्याच ओंकारेश्वर मंदिरापाशी भाऊ, चुलतभाऊ आणि गुरुजी, एवढेच. बाकी सगळं मोबाइलवर, हात जोडलेली चित्रं. विचारायला कुणी आलंच नाही, त्यामुळे सांगायचंही राहून गेलं.

वर्ष उलटल्यावर, २०२२ च्या पितृपक्षात, खालच्या मजल्यावरच्या काकू डबा घेऊन वर आल्या. म्हणाल्या, "तेव्हा यायला हवं होतं गं. भीती वाटली, नाही आले. आज आलेय. सांग, कसं झालं?" मी दोन तास बोलत होते. ऑक्सिजन बेडसाठी केलेले फोन, बाबांनी घरी विसरलेला चष्मा, तो हात हलवणं, सगळं. काकूंनी एकदाही "आता सावर" म्हटलं नाही. त्या रात्री मी पहिल्यांदा मोठ्यानं रडले.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की राहिलेली भेट उशिरा झाली तरी चालते. आईंच्या तिथीला मामा, मावश्या, त्यांच्या मैत्रिणी अशा सगळ्यांना बोलवा. विधी करा अथवा करू नका, पण फोटो मध्ये ठेवा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगा. दुसऱ्यांनाही त्यांच्या आठवणी सांगू द्या.

एक गाठ मात्र वेगळी सोडवावी लागते. "रेमडेसिविर मिळालं असतं तर..." आम्ही त्या इंजेक्शनसाठी अख्खं पुणे पालथं घातलं, शेवटी मिळालं नाही, आणि भाऊ दीड वर्ष त्यासाठी स्वतःला खात राहिला. त्या इंजेक्शनमुळे दाखल रुग्ण वाचतात असा पुरावा नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२० मध्येच सांगितलं होतं. आमच्या डॉक्टरांनी हे त्याला समोर बसवून सांगितलं तेव्हा तो गप्प झाला, पण त्या दिवसापासून जेवायला लागला. तुमच्याही मनात असा "जर-तर" असेल, तर एखाद्या डॉक्टरांना सरळ विचारा. एकट्यानं दळत बसू नका.

आता ती चार घरं. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकू नका, हॉलमध्ये व्याख्यानही ठेवू नका. घरी जा. गेलेल्या माणसाचं नाव घ्या. लोक नाव घ्यायचं टाळतात, घरच्यांना तेच सर्वांत जास्त लागतं. आणि नुसतं "काही लागलं तर सांगा" म्हणू नका, कुणीच सांगत नाही. आमच्या इमारतीतल्या एका ताईंचे मिस्टर गेले, तेव्हा कोरोनानं गेलेल्यांच्या घरच्यांसाठी असलेल्या ५० हजारांच्या सरकारी मदतीचा (सानुग्रह अनुदानाचा) अर्ज भरताना त्यांना वाटायचं, आपण नवऱ्याची किंमत घेतोय. काकूंची मुलगी त्यांच्याशेजारी बसली, रिपोर्ट शोधले, मृत्यूचा दाखला जोडला, नंतर गॅस आणि लाइट बिलावरची नावं बदलली. या कागदांच्या निमित्तानं ताई बोलत्या झाल्या. पुरुष समोरासमोर बसून बोलत नाहीत, त्यांच्यासोबत सकाळी फिरायला जा. मुलांना गोलगोल सांगू नका, ती सगळं ऐकत असतात.

एक काळजी घ्या. सहा महिन्यांहून अधिक काळ ओढ आणि वेदना तितकीच तीव्र राहिली आणि रोजची कामंही होईनात, तर त्याला 'लांबलेला शोक' म्हणतात. आयसीडी-११ या आजारांच्या जागतिक यादीत त्याची स्वतंत्र नोंद आहे आणि त्यावर उपचार होतात. त्या चार घरांत कुणाचं तसं असेल, किंवा तुमचंच, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला लाजू नका. जगावंसं वाटत नाही असं कुणी म्हणालं, तर त्याला एकटं सोडू नका आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं.

पहिल्या घरी जाल तेव्हा आधी फोन करा आणि स्पष्ट सांगा, की काम काही नाही, त्यांच्या गेलेल्या माणसाबद्दल ऐकायला यायचंय.

आणि तुमच्या आईंचं कसं झालं, मला लिहा. कितीही मोठं झालं तरी चालेल, मी सगळं वाचेन.