आठवडी बाजारात पाल कुठं टाकायचं

भाऊ, भाजीचं दुकान पहिल्यांदाच लावताय, तर रिकाम्या कोपऱ्याच्या मोहात पडू नका. गिऱ्हाईक भाव ताडायला भाजीच्या रांगेतच फिरतं. एकट्या बसलेल्याकडं कोणी मुद्दाम वळत नाही. (अर्थशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी 1929 मध्ये दुकानं जवळजवळ का येतात याचं कारण आणखी वेगळं दिलं होतं: मधलं गिऱ्हाईक दुसऱ्यानं नेऊ नये म्हणून दोन्ही दुकानं एकमेकांकडं सरकतात.) पण सगळ्यांकडं वांगीच असली की भाव पडणारच. सोबत सांबार (कोथिंबीर), हिरवी मिरची, लसूण ठेवा. पाच-दहा रुपयांच्या सांबारासाठी थांबलेला माणूस वांगीही घेतो.

एसटी थांब्याकडून येणाऱ्या वाटेवर बसा, मात्र अगदी तोंडाशी नको. तिथं लोक नुसता भाव विचारून पुढं जातात. आठ-दहा पालं आत बरं. मजुरांची गर्दी चुकारा (मजुरीचे पैसे) हाती आल्यावर, दुपारी 4 नंतर. तेव्हा ऊन तिरपं येतं, म्हणून ताडपत्रीची पाठ पश्चिमेला करा, नाहीतर सांबार तासाभरात मान टाकतो.

रिकामी दिसणारी जागा बहुतेक कोणाची तरी ठरलेली असते. शेजाऱ्याला आणि बाजार वसुली करणाऱ्याला आधी विचारा. भर बाजारात माल उचलावा लागला तर तो दिवस गेलाच. जागा मिळाली की निदान चार बाजार ती बदलू नका, गिऱ्हाईक तुम्हाला तिथंच शोधतं.