संगणक सल्ला : दोन जीबी रॅमला झेपेल असा ब्राउझर

प्रश्न : घरी कोअर टू ड्युओ प्रोसेसर, २ जीबी रॅम आणि ३२ बिट विंडोज ७ असलेला डेस्कटॉप आहे. क्रोम उघडायलाच फार वेळ लागतो आणि तिसरी टॅब उघडली की सगळं थिजतं. बातम्या वाचणं, वीजबिल भरणं, सातबारा पाहणं आणि यूट्यूबवर भजनं ऐकणं, एवढंच काम असतं. सर्वांत हलका ब्राउझर कोणता घ्यावा?
— एक निवृत्त शिक्षक, कऱ्हाड

उत्तर : ‘हलका’ म्हणून जे ब्राउझर सुचवले जातात, त्यांचे दोन प्रकार आहेत. फाल्कनसारख्यांचं बाहेरचं रूप सुटसुटीत असतं, पण आत पान उघडून दाखवणारं इंजिन क्रोमचंच, म्हणजे क्रोमियमचं असतं. पान उघडलं की मेमरी जवळपास तितकीच लागते. दुसरा प्रकार पेल मूनसारख्यांचा. त्याचं गोआना हे इंजिन वेगळं आहे आणि ते खरोखर कमी मेमरीत चालतं, पण आजच्या बऱ्याच साइट त्यात अर्धवट उघडतात. बिल भरताना नेमकं ‘पुढे’चं बटणच दाबलं जात नाही, अशी गत होते. नुसतं वाचायला पेल मून जरूर ठेवा, पैशांच्या कामाला नको.

तुमच्यासाठी आमची निवड फायरफॉक्स ११५ ईएसआर (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती). विंडोज ७ वर चालणारी फायरफॉक्सची ही शेवटची मालिका. नव्या सोयी तिला मिळत नाहीत, पण सुरक्षेच्या दुरुस्त्यांची मुदत फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने पुन्हा पुन्हा वाढवली आहे. ‘मदत’ मेनूतल्या ‘फायरफॉक्सविषयी’मध्ये जाऊन ताजा अपडेट घ्या. ११५.१३ च्या आधीची आवृत्ती असेल तर हे टाळूच नका. मार्च २०२५ मध्ये खरेपणा तपासायला लागणारं मोझिलाचं एक मूळ डिजिटल प्रमाणपत्र संपलं, त्यामुळे जुन्या आवृत्त्यांत ब्राउझरला जोडायची छोटी साधनं, म्हणजेच अ‍ॅड-ऑन बंद पडतात. क्रोमचं म्हणाल तर विंडोज ७ वर ते १०९ व्या आवृत्तीतच अडकलं आहे. ते काढून टाकलंत तरी चालेल.

आता मुख्य काम. वजन ब्राउझरपेक्षा पानांचं जास्त असतं. बातमी चार परिच्छेदांची, पण तिच्याभोवती जाहिराती, आपोआप सुरू होणारे व्हिडिओ आणि माग काढणाऱ्या स्क्रिप्ट असतात. फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन हे अ‍ॅड-ऑन टाका, म्हणजे हे ओझं डाउनलोड होण्याआधीच अडतं. त्याच्या सेटिंगमध्ये ठरावीक केबीपेक्षा मोठे फोटो-व्हिडिओ अडवायची सोय आहे; आकडा मुळात ५० असतो, तोच राहू द्या. अडवलेल्या फोटोच्या जागी चौकट दिसते, तिच्यावर क्लिक केलं की फोटो येतो. दूरचे फाँट अडवायचाही पर्याय तिथेच आहे. तो लावला की मराठी मजकूर विंडोजमधल्या मंगल फाँटात दिसेल, म्हणजे वाचायला अडचण नाही. मात्र काही साइटवर चिन्हांच्या जागी चौकोन येतात. वीजबिलाच्या पानावर असं झालं तर तेवढ्या साइटपुरता तो पर्याय बंद करा.

अडवणारी अ‍ॅड-ऑन एकाहून जास्त टाकू नका. दोन टाकल्याने जाहिराती दुप्पट अडत नाहीत, मेमरी मात्र दोघांची जाते.

टॅब साठल्या की पत्त्याच्या पट्टीत अबाउट:अनलोड्स (about:unloads) असं रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता लिहा. तिथल्या अनलोडच्या बटणावर दर क्लिकला एकेक टॅब मेमरीतून उतरते. टॅब जागेवरच राहते. तिच्यावर गेलात की पान पुन्हा लोड होतं. म्हणून अर्धवट भरलेला अर्ज उघडा असताना हे करू नका. अबाउट:प्रोसेसेस (about:processes) लिहिलंत तर कोणती टॅब किती मेमरी खाते तेही कळेल.

यूट्यूबचं दुखणं वेगळं. व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ पद्धतीने आले, तर ती पद्धत उलगडणारी सोय तुमच्या ग्राफिक्समध्ये नाही. सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि चित्र अडखळतं. एन्हान्स्ड-एच२६४इफाय (enhanced-h264ify) हे अ‍ॅड-ऑन यूट्यूबला एच.२६४ या जुन्या, प्रोसेसरला हलक्या पद्धतीत व्हिडिओ द्यायला लावतं. सोबत दर्जा ४८०पी किंवा ३६०पी ठेवा. भजनाला तेवढं पुष्कळ.

एवढं करूनही थिजत असेल तर कॅबिनेटवरचा हार्ड डिस्कचा दिवा बघा. तो सतत लुकलुकत असेल तर रॅम भरली आहे आणि विंडोज उरलेला माल डिस्कवर ठेवतं आहे. फिरणारी डिस्क या कामात फार मंद. इथे ब्राउझर बदलून काही होत नाही. मदरबोर्ड जी३१ चिपसेटचा असेल तर डीडीआर२ रॅम ४ जीबीपर्यंत चालते. ३२ बिट विंडोजला त्यातली साधारण सव्वातीन जीबीच वापरता येते, तरी फरक जाणवतो. डीडीआर२ आता जुन्या बाजारातच मिळते आणि डीडीआर३ त्या खाचेत बसत नाही, म्हणून जुनी पट्टी काढून दुकानात सोबत न्या. त्याहून मोठा फरक २.५ इंची साटा एसएसडीने (फिरणारे भाग नसलेल्या, वेगवान डिस्कने) पडतो. २४० जीबीची पुरे. एम.२ प्रकारची घेऊ नका, तिला जागाच नसते.

प्रश्न : अशाच संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स टाकू का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : इंटरनेटपुरतंच काम असेल तर अवश्य, कारण मग चालू आवृत्तीचा फायरफॉक्स मिळतो. कोअर टू ड्युओ ६४ बिट आहे, त्यामुळे ६४ बिट लिनक्सच घ्या. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती २ जीबीवर कशीबशी आणि ४ जीबीवर नीट चालते. २ जीबीच असेल तर अँटीएक्स हे आणखी हलकं लिनक्स बरं. पण आधी दोन गोष्टी तपासा. जुनी कागदपत्रं श्री-लिपीसारख्या बिगर-युनिकोड फाँटात असतील, तर ती उघडायला विंडोज राखावं लागेल. आणि निविदांसाठी डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल तर ते काम विंडोजवरच ठेवा. डिस्क पुसण्याआधी पेन ड्राइव्हवरून ‘लाइव्ह’ (म्हणजे डिस्कवर न बसवता) चालवून वायफाय, प्रिंटर आणि आवाज बघून घ्या.

प्रश्न : प्रत्येक साइटवर ‘जोडणी सुरक्षित नाही’ असं येतं. ब्राउझर बदलला तरी तेच.
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. ती काही वर्षं मागे असेल तर साइटची ओळख पटवणारी डिजिटल प्रमाणपत्रं संगणकाला ‘अजून लागू न झालेली’ वाटतात आणि तो ती नाकारतो. तारीख दुरुस्त करूनही वीज बंद केल्यावर पुन्हा मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला आहे. सेल काढण्याआधी बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन साटा मोड, म्हणजे डिस्क जोडण्याची पद्धत, आयडीई आहे की एएचसीआय ते लिहून ठेवा. मग वायर काढा, कडेची क्लिप दाबा, नवा सेल अधिक चिन्ह वर ठेवून बसवा आणि बायोसमध्ये तारीख व तोच साटा मोड लावा. मोड बदललेला राहिला तर विंडोज सुरू होताना निळा पडदा येतो आणि दोष नव्या सेलचा वाटतो.