गाणं लावून सुई टोचणं म्हणजे पोराला फसवणं का?

लसीकरण, रक्ततपासणी, जखमेचं ड्रेसिंग, काहीही असो, मुलाला गाणं ऐकवा म्हटलं की इंदूरमधले आईबाप मला हमखास विचारतात, "ताई, ही फसवणूकच नाही का? आणि गाण्याने दुखायचं थोडंच थांबतं?" एका मुलाच्या निमित्ताने उत्तर देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा सहा वर्षांचा, थॅलेसेमिया मेजर हा रक्ताचा जन्मजात आजार. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचं, म्हणजे दर वेळी हाताला सलाईनची सुई. रिक्षा हॉस्पिटलच्या रस्त्याला वळली की याला उलटी. आत गेल्यावर बाबांनी पाय धरायचे, मामाने खांदे, आणि आजी उशाशी उभी राहून म्हणणार, "काही नाही रे सोन्या, मुंगी चावते ना, तेवढंच." त्या मुंगीवर पोराचा काडीचाही विश्वास उरला नव्हता. आईने मोबाईलवर कार्टून लावून पाहिलं होतं. "ढुंकूनसुद्धा बघत नाही हो!"

कार्टून लावता कधी, असं मी विचारलं. सिस्टरने दंडाला पट्टा बांधला की. तोवर पोर किंचाळायला लागलेलं असतं, मग कसलं कार्टून दिसणार? अंग आवळून धरलं की शीर नीट सापडत नाही, सुई पुन्हा टोचावी लागते, आणि पुढच्या खेपेची भीती आजच वाढून बसते.

दुखणं फक्त सुईच्या टोकाशी ठरत नाही. मेलझॅक आणि वॉल या दोन संशोधकांनी 1965 मध्ये मांडलं, की दुखण्याचे संदेश मज्जारज्जूतून वर जाताना वाटेत कमी-जास्त होतात, आणि मेंदूकडून खाली येणारे संदेशही त्यात हात घालतात. लक्ष कुठे आहे, भीती किती आहे, यावर तीच सुई कमी किंवा जास्त दुखते. कॅनडात एडमंटनच्या तातडीच्या विभागात 3 ते 11 वर्षांच्या 42 मुलांवर एक अभ्यास झाला. तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. सलाईन लावताना संगीत ऐकणाऱ्या मुलांचं दुखणं तुलनेने कमी वाढलं, आणि कर्मचाऱ्यांनाही सुई लावणं सोपं गेलं. रडण्या-घाबरण्यातला फरक मात्र तितका ठाम निघाला नाही. म्हणून मी चमत्काराचं आश्वासन देत नाही.

गाणं कुठलं, यावरून त्या घरात चांगलीच जुंपली. आजोबा उस्ताद अमीर खाँसाहेबांचे भक्त (इंदूरच्या जुन्या मराठी घरांत असा एक तरी सापडतोच). त्यांचं म्हणणं, विलंबित ख्याल लावा, नाडी शांत होते. कुठल्या दुखण्यावर कुठला राग, याची व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली यादीही त्यांनी दाखवली. मी मुलाकडे वळले. तो लगेच म्हणाला, "कचरागाडीवालं!" 2017 पासून स्वच्छतेत पहिल्या नंबरावर मिरवणाऱ्या आमच्या गावात सकाळी दारात येणारी गाडी गाणं वाजवतच येते, आणि याला ते तोंडपाठ. आजोबांचा चेहरा पडला. पण ज्याला सुई, त्याची निवड.

मग तालीम. घरी उशीवर पालथं पडून गाणं म्हणायचं, ओळ संपली की मेणबत्ती विझवल्यासारखी लांब फुंकर मारायची. रडता रडता श्वास कोंडतो, तो फुंकरीने सुटतो. आजीला मुंगी बंद करायला सांगितली. त्याऐवजी एकच वाक्य: "सुई टोचेल, थोडं दुखेल, गाणं तू चालू करायचंस." हे आधी सांगितलं की फसवणुकीचा प्रश्नच मिटतो. बाबांना ते पटलं नाही. त्यांच्या मते आधी सांगणं म्हणजे भीती ओढवून घेणं. पण त्यांनी अडवलं नाही.

डॉक्टरांना विचारून सुन्न करणारं मलम तासभर आधी लावलं. गाणं ही मलमाला जोड, त्याची जागा घेणारं नव्हे. वॉर्डात गाणं सुरू झालं, मगच पट्टा. आवाज बेताचा, हेडफोन नाही, म्हणजे सिस्टरचं बोलणं ऐकू येतं. सुई शिरली तेव्हा तो रडलाच. पण हात ओढला नाही, मामाला खांदे धरावे लागले नाहीत, आणि पट्टी चिकटवेपर्यंत तो पुन्हा दुसऱ्या कडव्यावर आला होता. किती दुखलं ते दाखवायच्या, हसऱ्यापासून रडक्यापर्यंतच्या चेहऱ्यांच्या तक्त्यावर त्याने मधल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. पूर्वी तक्ताच फेकून द्यायचा.

एक पथ्य मात्र पाळा: झोपताना म्हणता ती अंगाई हॉस्पिटलात नेऊ नका, नाहीतर उद्या घरी अंगाई सुरू केली की मूल सुई शोधेल. तान्ह्या बाळाला तर गाण्याआधी आईने अंगावर पाजत राहणं जास्त कामाचं. काही मुलांना सुई बघायचीच असते. बघू द्या, त्यांचं लक्ष बळजबरीने वळवू नका. आणि तारीख जवळ आली की जेवण-झोप उडत असेल, तर नुसत्या गाण्यावर थांबू नका. तिथे भीतीवरच वेगळं, टप्प्याटप्प्याने काम करावं लागतं: आधी सुईचं चित्र, मग सुईशिवायची सिरिंज हातात, मग खेळातल्या बाहुलीला इंजेक्शन.