पाच जनावरं आणि रत्नागिरीत भाड्याचं घर

दोन कुत्रे, तीन मांजरं म्हणजे फ्लॅटच्या मागे लागू नका. नाचणे, कुवारबाव बाजूला अंगणाचं कौलारू घर बघा. मिळतं, फक्त धीर धरा.

नवखे हमखास आकडा लपवतात. मीही ‘एकच मांजर’ म्हटलं होतं. आठव्या दिवशी दुसरी मनी मालकीणबाईंच्या वाळत घातलेल्या आमसुलांवर लोळली, आणि बिंग फुटलं!

- लसीकरणाची कार्डं पहिल्याच भेटीत दाखवा.
- करार 11 महिन्यांचा असला तरी नोंदवा. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने ते बंधनकारकच आहे. त्यात पाचही जनावरं लिहून घ्या.
- पडवीला दार आहे ना? चिऱ्याच्या गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, फुरसं हा विषारी साप असतो, रात्री बिबट्याही फिरतो. कुत्रे आतच हवेत.

बाकीचं मग, घरात सामान लागल्यावर बोलू.